काकीचा तोटा

काकी पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा आमचे वकीलसाहेब जेवायला आत गेले होते. त्यांचं ऑफिस म्हणजे गिरगावातल्या त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली. घराणं जुन्या मुंबईतलं, एके काळी जमीनजुमला बाळगून असलेलं. माझ्या वेळेपर्यंत ते दुमजली घर आणि छताला टेकलेली कायद्याची पुस्तकं एवढंच उरलं होतं. मला नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती. दादरहून मी रोज ट्रामने यायचे आणि साहेब सांगतील ती इन्कमटॅक्सची कामं करायचे. अशील बहुतेक काळबादेवीचे कापडवाले. ते दारातून माझ्याकडे बघत, "साहेब नाहीत वाटतं?" म्हणत, आणि बाकावर जाऊन बसत.

काकीने तसं काही विचारलं नाही. ती सरळ माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसली. पन्नाशीकडे झुकलेली, घट्ट नऊवारी नेसलेली, मनगटं पुरुषासारखी रुंद. एक सरकारी नोटीस तिने टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवून दाबून धरली, जणू मी ती परत तिच्याकडे सरकवेन.

"तू वकील हस?"

"हो."

"मगे माका एक सांग. सरकारान माझे पैसे नेल्यान. नेल्यान ते नेल्यान, मी काय रडूक नाय. आता त्याच पैशार परत कर मागता. ह्यां खयचा गणित?"

"पैसे कसले होते?" मी विचारलं.

"दारूचे," ती म्हणाली. एखादी बाई दुधाचे म्हणेल तशी.

दारूबंदीचे दिवस होते. दारू कोण गाळतं, कोण विकतं, कुठल्या गल्लीत कुठल्या वेळी मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असे. पण वकिलाच्या ऑफिसात बसून कुणी असं बोलत नसे. मी मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं. साहेबांचं जेवण व्हायला अजून वेळ होता. मग मी तिलाच म्हटलं, "सगळं सांगा. पहिल्यापासून."

तिने सांगितलं ते असं. नवरा परळच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होता. छातीच्या दुखण्याने गेला. मागे ही आणि दोन मुली. आधी तिने लालबागच्या एका खानावळीत भाकऱ्या थापल्या. त्यात खोलीचं भाडं निघे, पण मुलींची शाळा निघेना. मग कुणीतरी सांगितलं की पिठापेक्षा गुळात जास्त आहे. शीवपलीकडे खाडीत गुळाची दारू गाळायच्या भट्ट्या लागत. तिथून माल आणायचा आणि लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींत पोचवायचा, अशी सुरुवात झाली. पुढे भट्टीच तिने घेतली. गूळ ती स्वतः आणी, माणसं कामाला ठेवी, आणि शेवटी मालासाठी एक जुनी मोटरही घेतली. सगळ्या लालबागेत तिला काकी म्हणत. पोलीसही काकीच म्हणत.

आणि मग धाड पडली. पिंपं, गूळ, तयार माल, मोटर आणि गूळ घ्यायला काढून ठेवलेली रोकड, सगळं उचललं गेलं. मॅजिस्ट्रेटने तिला काही महिन्यांची कैद दिली, वर दंड ठोठावला, आणि पकडलेलं सगळं सरकारजमा करायचा हुकूम केला. मुली तिच्या बहिणीकडे राहिल्या.

"सुटल्यावर पुन्हा तोच धंदा केलात?" मी विचारलं.

"नाय. तुरुंगात सगळ्या बायांचा जेवण मीच रांधी. भायर इल्यार वाटला, ह्यांच करूया. आता खानावळ घातलंय, गिरणीवाल्यांची." तिने नोटिशीवरचा हात किंचित उचलला. "ह्यो कर भरूचो झालो तर भांडी इकूची लागतली."

तेवढ्यात साहेब टॉवेलला हात पुसत बाहेर आले. मी त्यांना उभ्याउभ्या थोडक्यात सांगितलं. पोलिसांकडची माहिती इन्कमटॅक्सच्या ऑफिसात पोचली होती. तिथल्या ऑफिसरने तिला बोलावून पैसे कुठून आले असं विचारलं होतं. तिच्या एका भाच्याने तिला आदल्या दिवशी पढवून पाठवलं होतं की नवऱ्याचा फंड आणि माझे दागिने विकून आलेले पैसे आहेत असं सांग. ती गेली आणि म्हणाली, दारूचे.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, असं कसं सांगितलंत?"

"खोटां बोलान काय मिळतला? पोलिसांका म्हायत, कोर्टाक म्हायत, आणि ह्या एकट्याक तेवढा म्हायत नाय?"

"पण आता त्याने लिहून ठेवलं ना की तुमचा दारूचा धंदा होता. धंदा म्हटलं की नफा आला, नफा म्हटलं की कर आला. इन्कमटॅक्सचा कायदा पैशाची जात विचारत नाही. दुधाचा असो, दारूचा असो, पैसा आला की कर."

"आणि गेलो की?" काकी म्हणाली.

बाकावरचे दोन कापडवालेही तिच्याकडे बघायला लागले होते. साहेब आपल्या खुर्चीकडे गेले, नोटीस हातात घेतली आणि ती पहिल्यापासून वाचली.

ऑफिसर वाईट माणूस नव्हता, हे नोटिशीसोबतच्या त्याच्या हुकुमावरून दिसत होतं. त्याने गुळाचा, मजुरीचा, मोटरीच्या पेट्रोलचा खर्च अंदाजाने धरून वजा केला होता. फक्त जप्त झालेल्या मालाशी आणि रोकडीशी येऊन तो थांबला होता. तिथे त्याने लिहिलं होतं की ही गुन्ह्याची शिक्षा आहे, हा धंद्यातला तोटा नव्हे, म्हणून वजावट मिळणार नाही.

"अपील करू," साहेब म्हणाले. "पण आशा धरू नका."

काकी उठली. "आशा धरूक पैसे लागतत काय?" असं म्हणून ती गेली.

पहिलं अपील आम्ही हरलो. वरचा अधिकारी साहेबांना ओळखत होता, त्याने आदराने ऐकून घेतलं आणि चार ओळींत फेटाळून लावलं. त्यानंतर रस्ता होता तो इन्कमटॅक्सच्या न्यायाधिकरणाकडे जायचा, जिथे दोन सदस्य बसून अशा अपिलांचा निकाल लावत. त्या अपिलाचा मसुदा करायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. मी मोठ्या उत्साहाने लिहिलं. सरकारने तिचं जे जे नेलं ते सगळं धंद्यामुळे नेलं, सबब ते सगळं धंद्याच्या नफ्यातून वजा व्हावं: माल, गूळ, मोटर, रोकड आणि कोर्टाने केलेला दंडसुद्धा. लिहिताना मला ते अगदी बिनतोड वाटलं होतं.

आमच्या घरी मात्र या केसचं नाव काढायची सोय नव्हती. माझे वडील, अण्णा, जन्मभर सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते. दारूबंदीच्या आधी सणासुदीला ते एखादा पेला घेत, मटणाबरोबर. कायदा आला त्या दिवसापासून त्यांनी तो बंद केला. कायदा त्यांना पटला होता असं नाही. कायदा आहे, म्हणून बंद. अशा माणसाची मुलगी दारूवालीचे कागद घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरते, हे त्यांना सहन होत नव्हतं.

"वकिली तुझी आहे, मी बोलणार नाही," असं म्हणून ते बराच वेळ बोलत.

आणि हेच अण्णा निवृत्त झाल्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेले. पेन्शनीतला माणूस, धोतर-कोट, हातात छत्री. मनाईहुकूम मोडून ते जमावात सरळ उभे राहिले आणि पोलीस आले तेव्हा छत्री मिटून स्वतःच गाडीत चढले. आई नंतर म्हणाली की ऑफिसला जायचे तसेच गेले. मॅजिस्ट्रेटने दंड किंवा कैद अशी शिक्षा सांगितली. आमच्या इमारतीतल्या लोकांनी संध्याकाळच्या आत वर्गणी गोळा केली, दंड भरून अण्णांना सोडवून आणायला. अण्णांनी ती परत पाठवली आणि थोडे दिवस आत राहून आले. घरी आले ते ढेकूण चावून सुजलेले पण फार खुशीत.

त्या गोष्टीला बरेच महिने झाले होते. मी अपिलाचा मसुदा वाचत बसले होते आणि अण्णा समोर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सहज मान तिरकी करून माझा कागद वाचला असावा.

"दंडसुद्धा वजा करून मागतेस?"

"का नाही? सगळं एकाच धंद्यापायी गेलं."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "माझा दंड भरायला वर्गणी आली होती, तुला आठवतं ना? मी का घेतली नाही?"

"तत्त्व म्हणून."

"तत्त्व कसलं? शिक्षा माझी होती. वर्गणीने भरली तर ती माझी राहते का? थोडी सगळ्यांची होते, आणि मग ती शिक्षाच राहत नाही." त्यांनी चष्मा काढला. "दंड नफ्यातून वजा झाला म्हणजे काय झालं? सरकारला कर कमी मिळाला, म्हणजे दंडाचा तेवढा वाटा बाकीच्या लोकांनी भरला. ही तुझ्या बाईची वर्गणीच झाली."

मी म्हटलं, "मग माल गेला, त्याचं काय?"

"ते काही मला कळत नाही. ते तू बघ," असं म्हणून त्यांनी पेपर उचलला.

पण मला तिथेच एखादी गाठ सुटल्यासारखं वाटलं. मी दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. दंड तिच्या अंगावर होता. तो तिने केलेल्या गुन्ह्याबद्दल तिने सोसायचा होता. माल आणि रोकड मात्र धंद्यात घातलेलं भांडवल होतं, आणि ते धंद्यातच बुडालं होतं. दारूच्या धंद्यात माल पकडला जाणं हा धंद्याचा रोजचाच धोका होता, जसा कोळ्याला जाळं फाटण्याचा. सरळ व्यापाऱ्याने कधी कायदा मोडला आणि त्याचा माल जप्त झाला, तर तो म्हणू शकत नाही की हा माझ्या व्यापाराचा भाग आहे, कारण त्याचा व्यापार कायदा न मोडताही चालतो. काकीचा धंदा कायदा मोडल्याशिवाय चालतच नव्हता. जे उघड कबूल केल्यामुळे ती अडकली असं साहेबांना वाटलं होतं, त्याच्याच आधारावर तिचं अपील उभं राहत होतं. तिने पैसे नवऱ्याच्या फंडाचे म्हणून सांगितले असते, तर ते गेले हा धंद्याचा तोटा आहे असं म्हणायला तोंडच राहिलं नसतं.

दंडाची मागणी सोडायची तर अशिलाची परवानगी हवी. दुसऱ्या दिवशी नेमका हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद. मी दादरहून चालत निघाले. परळपर्यंत रस्ता इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. भिंतींवर चुन्याने लिहिलेलं होतं की मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि चौकात पोलिसांची गाडी उभी होती, तिच्यात पोलीस पाय पसरून बसले होते. लालबागेत माणसं गॅलऱ्यांतून खाली वाकून बघत होती. कुणीतरी वरून विचारलं, "खय जातस, बाय?" मी काकीचं नाव घेतल्यावर तीन-चार हातांनी एकदम वाट दाखवली.

खानावळ म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दाराची एक फळी लावलेली, एक उघडी. गिरण्या बंद म्हणून जेवणारे कामावर गेले नव्हते, आणि काकी त्यांना हरताळ असूनही जेवायला घालत होती. "हरताळ दुकानदारांचो, पोटांचो नाय," ती म्हणाली. मोठी मुलगी चुलीशी होती, धाकटी दारातल्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की दंडाची मागणी आपण सोडून देऊ. माल, गूळ, मोटर, रोकड एवढ्यावरच भांडू. मला वाटलं ती नाराज होईल. दंडाची रक्कम तिच्या दृष्टीने लहान नव्हती.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दंड माझोच. तो भरूक मी माझी पाटली इकलंय. कोणाक मागूक गेलंय नाय. तो मागान घेवचो असता तर कित्याक भरलंय असतंय?" नंतर एकदम विचारलं, "तुका ह्यां कोणी सांगल्यान?"

"माझ्या वडिलांनी."

"ते वकील?"

"नाही. कारकून होते."

"बरां." तिने पाट ओढला. "आता जेव."

मी दुपारी तिथे बांगड्याचं तिखलं आणि भात जेवले. समोर बसलेला एक म्हातारा गिरणीवाला मला सांगत होता की काकीची दारू फार चांगली असायची, पण हे तिखलं दारूपेक्षा चांगलं आहे. काकीने पळी उगारली तेव्हा तो गप्प झाला.

साहेबांना हा बदल आवडला नाही. "हातातलं कोण सोडतं?" ते म्हणाले. "मागावं सगळं, मग ते देतील तेवढं घ्यावं. वकिली अशीच चालते." मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, अण्णांची वर्गणी आणि कोळ्याचं जाळं धरून. ते पानाला चुना लावत ऐकत होते. पान तोंडात घालून बराच वेळ चघळल्यावर म्हणाले, "हे माझ्या तोंडून बरोबर येणार नाही. मी मागत आलोय, सोडत कधी आलो नाही. तू उभी राहा."

मी नको म्हटलं. खरोखरच भीती वाटत होती. त्या दिवसांत काळ्या कोटातली बाई बघून शिपाईसुद्धा कुणाला भेटायचं आहे असं विचारत. पण साहेबांनी तो विषय तिथेच बंद केला.

सुनावणी फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत होती. उंच छत, हळू फिरणारा पंखा. वर दोन सदस्य: एक कायद्याचे, जाड भिंगांचा चष्मा घातलेले; दुसरे हिशेबाचे, सारखी पेन्सिल तासणारे. साहेब माझ्या मागच्या खुर्चीत बसले. त्यांच्या मागे काकी, इस्त्रीच्या नऊवारीत. इंग्रजीत चाललेलं बोलणं तिला कळणार नव्हतं, तरी ती आली होती.

मी पहिल्यांदा दंडाची मागणी मागे घेत असल्याचं सांगितलं. जाड चष्म्याच्या सदस्यांनी मान वर केली. "का?"

"कारण ती शिक्षा आहे, साहेब. ती दुसऱ्याने वाटून घ्यायची नसते."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्याने माझा आवाज जागेवर आला. मग मी बाकीचं मांडलं.

सरकारी वकील सौम्य गृहस्थ होते. त्यांनी उठून एवढंच म्हटलं की दारू गाळणं हा व्यवसाय नव्हे, गुन्हा आहे, आणि गुन्हेगाराचा तोटा सरकारने सोसावा असं कुठल्याही सभ्य देशात होत नाही. ऐकायला ते फार बरोबर वाटत होतं. मला क्षणभर वाटलं की आता संपलं.

जाड चष्म्याचे सदस्य माझ्याकडे वळले. "याला तुमचं काय उत्तर?"

"साहेब, सरकारने तोटा सोसावा असं आम्ही म्हणतच नाही. तोटा या बाईंनीच सोसला आहे. माल गेला, मोटर गेली, कैदही झाली. प्रश्न एवढाच आहे की त्या वर्षी त्यांच्या हातात काय उरलं. नफा मोजताना तो व्यवसाय आहे असं आपण म्हणालो. मग तोटा मोजताना तो व्यवसाय नाही असं कसं म्हणता येईल? एक तर दोन्ही वेळा व्यवसाय, नाहीतर दोन्ही वेळा नाही."

हिशेबाच्या सदस्यांनी पेन्सिल तासायची थांबवली. "म्हणजे मिळकत जर कलंकित नाही धरली, तर नुकसानही नाही."

"होय, साहेब."

"ही मोटर," ते म्हणाले, "ती मालासाठीच वापरत होत्या, कशावरून?"

मी मागे बघितलं. साहेबांनी काकीला मराठीत विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "तेच्यात माणूस बसूक जागाच नव्हती. पिंपाच भरलेली." साहेबांनी त्याचं इंग्रजी केलं. दोन्ही सदस्य हसले. सरकारी वकीलही हसले.

शेवटी जाड चष्म्याच्या सदस्यांनी विचारलं, "आता या काय करतात?"

"खानावळ चालवतात. लालबागला."

"याचा निकालाशी काही संबंध नाही," ते म्हणाले. "मी सहज विचारलं."

निकाल यायला बरेच आठवडे लागले. त्या काळात मुंबईत वेगळीच हवा होती. दोन भाषांचं राज्य मोडणार, मुंबई महाराष्ट्रात येणार, अशा बातम्या रोज येत आणि रोज कुणीतरी त्या खोट्या ठरवी. अण्णा तीन तीन वर्तमानपत्रं विकत घेऊन ताडून बघत. गिरगावात संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं जमून वाद घालत. अशाच एका सकाळी टपालात निकाल आला. साहेबांनी तो स्वतः न वाचता माझ्याकडे दिला.

दंड वजा होणार नाही, तशी मागणीही उरलेली नाही. परंतु सरकारजमा झालेला माल, कच्चा माल, वाहन आणि रोकड हे या अपील करणाऱ्या बाईच्या व्यवसायाला चिकटलेलेच नुकसान असून, ते तिच्या नफ्यातून वजा झालं पाहिजे. असं सगळं इंग्रजीत, तीन पानं. खाली दोघांच्या सह्या. हिशेब करून पाहिला तेव्हा कर जवळजवळ पुसलाच गेला होता. उरला तो इतका थोडा की काकीला भांडी विकावी लागणार नव्हती.

साहेबांनी आत हाक मारून चहा सांगितला, बाकावरच्या कापडवाल्यांनासुद्धा. त्यातल्या एकाने मला विचारलं, "बाई, माझं एक काम होतं, तुम्ही बघाल का?" मला ते फार बरं वाटल्याचं आठवतं.

पुढे कायदा अनेकदा फिरला. त्या तीन पानांवर सरकार अजून वर गेलं असतं तर काय झालं असतं, आणि आज अशी केस घेऊन कुणी गेलं तर काय होईल, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. सरकार वर गेलं नाही. रक्कम लहान होती, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

राज्य झालं त्या संध्याकाळी अण्णांनी गॅलरीत पणत्या लावल्या, दिवाळी नसताना. आम्ही सगळे फिरायला बाहेर पडलो. लालबागेपर्यंत गेलो, कारण तिथली रोषणाई बघायला सगळं शहरच तिकडे चाललं होतं. काकीच्या खानावळीवर दिव्यांची माळ होती आणि बाहेर ती येणाऱ्या जाणाऱ्याला साखरभात वाटत होती. मी अण्णांची ओळख करून दिली. तिने त्यांना नमस्कार केला. अण्णांनी द्रोण हातात घेतला, उभ्याउभ्या खाल्ला, आणि म्हणाले, "लवंग जरा जास्त पडली."

"पुढल्या राज्याक कमी घालीन," काकी म्हणाली. अण्णा मोठ्याने हसले. मी त्यांना रस्त्यात उभं राहून हसताना क्वचितच पाहिलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी ती पुन्हा गिरगावात आली. या वेळी तिच्या हातात नोटीस नव्हती. धाकटी मुलगी बरोबर होती. ती आता मॅट्रिकला होती, आणि खानावळीचा सगळा जमाखर्च तिनेच मांडला होता. काकी खुर्चीत बसली.

"कर भरूचो हा," ती म्हणाली.

"कसला?"

"खानावळीचो. चांगल्या पैशाचो. दारूचो भरलंय, मगे ह्यो कित्याक नको?"

मी हिशेब पाहिला. नीट मांडला होता. वरून खाली, खालून वर, दोनदा बेरीज केली आणि तिला सांगावं लागलं की खानावळीचं उत्पन्न कर लागण्याइतकं होत नाही. कर भरायची गरज नाही.

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं की ती खूश होईल. मुलगी तिला समजावायला लागली, तसं तिने हाताने तिला थांबवलं.

"किती कमी पडता?"

मी आकडा सांगितला. ती तोंडातल्या तोंडात काही मोजत राहिली. मग तिने मुलीला विचारलं, "बाजूची खोली घेतली तर अजून किती पानां बसतली?" आणि दोघी माय-लेकी माझ्या टेबलाशीच त्याचा हिशेब करायला बसल्या.